नबालायो मोजत राहिली

नबालायो माझी सवत. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळी दलदलीवरून क्रौंच येऊ लागले की माझे कान अजून तिच्या आवाजाकडे लागतात. माया म्हणून नव्हे. माया आमच्यात कधीच नव्हती. आवाजाची सवय झाली, एवढंच.

आमच्या नवऱ्याच्या जमिनीच्या टोकाला, एल्गन डोंगराच्या उतारावरचं पाणी जिथं साठतं तिथं, एक मोठा रानउंबर आहे. डोक्यावर सोनेरी तुरा असलेले क्रौंच दिवसभर लोकांच्या मक्यात चरतात आणि दिवस कलला की मुक्कामाला त्या उंबरावर येतात. पाय लांब सोडून, गळ्यातून रडवा आवाज काढत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला चुलीच्या आधी ते झाड दाखवलं होतं. त्याच्या मुळाशी माझं पोर, सितुमा, पुरलेलं आहे.

सितुमा कसा गेला, ते आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नबालायो धाकटी म्हणून घरात आली तेव्हा तिचा फार तोरा. ती मिशनच्या शाळेत शिकलेली. एकदा ओढ्यावर माझी मुलं डोक्यावर मडकी घेऊन ओळीनं येत होती आणि हिनं बोट उगारून सगळ्यांसमोर म्हटलं, "एक, दोन, तीन, चार, पाच! थोरले, घर भरलंस की गं!"

आमच्यात जित्या जिवाला आकडा लावत नाहीत. मुलं किती, असं कोणी विचारलंच तर आपण म्हणतो, मक्याच्या उगालीच्या ताटाभोवती मावतात तेवढी. गुरं किती, तर गोठा जाणे. मोजलं की त्यातलं एक कमी होतं. ओढ्यावरच्या बायांनी तोंडावर हात ठेवले. पुढच्या पावसाळ्यात सितुमाला ताप चढला आणि ताटाभोवतीची एक जागा रिकामी झाली.

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही आणि तीही माझ्याशी बोलली नाही. एकाच अंगणात दोन चुली. काही सांगायचंच झालं तर मधे शेळी असायची. "शेळे, तुझ्या मालकिणीला सांग, तिची कोंबडी माझ्या बाजरीत शिरलीय." "शेळे, त्या बाईला सांग, बाजरी राखायला डोळे लागतात, तोरा नाही." नवरा बिचारा दोन्ही चुलींवर उपाशी राहायचा.

तो वारला आणि नबालायोच्या थोरल्या मुलानं, वेकुलोनं, दलदलीकडे नजर टाकली. पाणी काढून द्यायचं, उंबर पाडायचा आणि बटाटे लावायचे. मी आडवी आले.

"मोठी आई," तो म्हणाला, "झाडाला काय कवटाळून बसतेस? फांद्या तुलाच देतो जाळायला."

"आणि माझ्या पोराची हाडं? ती कुणाला देतोस? तुझ्या बटाट्यांना?"

तो मान फिरवून निघून गेला. गावच्या मुखियानं मात्र पक्ष्यांच्या खात्याला कळवलं, आणि मुथियानी नावाचा माणूस आला. दूरच्या मुलखातला, मोठ्या टोपीचा. त्याचा नियम सरळ होता. शंभराच्या वर क्रौंच मुक्कामाला असतील तर झाडाला आणि पाण्याला कुणी हात लावायचा नाही. कमी भरले तर घरच्यांची मर्जी.

पण पक्षी दोन्ही अंगांनी येतात. पश्चिमेच्या काठावरून उगवतीची बाजू दिसत नाही, मधे झाडाचाच पसारा. म्हणून पश्चिमेला तो स्वतः बसणार आणि उगवतीला आम्ही दोघी, एक झाड राखणारी, एक पाडणारी. आम्ही दोघी मिळून जो आकडा सांगू तो धरायचा.

"मी सुक्या भोपळ्यात दाणे टाकीन," मी म्हटलं. "एका पाखराला घेवड्याचा एक दाणा. भोपळा तुमच्या हातात देईन, तुम्ही काय ते बघा."

"दाणे घरूनही आणता येतात, बाई. तोंडानं आकडा सांगायचा."

वेकुलो त्याच्या मागे उभा राहून हसत होता. का हसतोय ते मला कळलं. मी आकडा उच्चारणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या आईनं नुसतं गप्प बसायचं होतं. मुथियानी पुढे गेल्यावर त्यानं तिला बजावलंही, "आई, काही झालं तरी तोंड मिटून बस. विचारलं तर सांग, थोडेसेच होते." आणि तो मुथियानीवर नजर ठेवायला पश्चिमेच्या काठावर गेला.

आम्ही बसलो. तिचं स्टूल एका टोकाला, माझं दुसऱ्या, मधे बांधलेली शेळी. वारा पडला होता. पहिली जोडी आली, मी भोपळ्यात दाणे टाकले.

"शेळे," नबालायो म्हणाली, "तुझ्या मालकिणीला सांग, घेवडा फुकट घालवू नकोस. उद्याच्या कालवणाला होईल."

"शेळे, तिला म्हणावं, तिच्या पोरानं तोंड शिवून पाठवलंय ना? टाका उसवला वाटतं."

"शेळे, विचार तिला, साहेबाला काय सांगणार? आहे का आकडा तिच्या तोंडात?"

मला गप्प राहता आलं नाही. आणखी थवा उतरत होता, आणि त्याच्याखाली सितुमाच्या उंचवट्यावरचं गवत दिसत होतं. मी शेळीकडे बघायचं सोडलं आणि तिच्याकडे वळले.

"आकडे तुझ्या तोंडात. तू आकडा काढलास आणि माझं पोर खाल्लंस."

ती उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं.

"नखुमिचा, जीभ आवर. पोर तापानं फणफणत होतं. दवाखाना टेकडीपलीकडे होता. तू बळीचं बकरं कापायला माणसं गोळा करत बसलीस. मी म्हटलं होतं, पाठीला बांध आणि चल. दारातून हाकललंस मला."

"तू मोजलंस म्हणून गेला तो."

"मी मोजलं की मरतं?"

"मरतं."

"सगळं मरतं?"

"तुझ्या तोंडून मोजलं की मरतं. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"बरं," ती म्हणाली. "ही पाखरं हवीत ना तुला? यांच्या जिवावर झाड राखणार ना? मग बघ."

तिनं बोट उगारलं, थेट पाखरांवर. "एक! दोन! तीन!"

तिनं असं मोजलं की जणू दगड मारतेय. आधी बसलेले मोजले, मग येणारे. मी कान झाकले, ओरडले, तिचा हात खाली ओढला. तिनं मला ढकललं, मी शेळीवर पडले, शेळी बें बें करू लागली. पाण्यावरून आवाज लांब जातो. पलीकडच्या काठावरून वेकुलो जिवाच्या आकांतानं ओरडला, "आई! गप्प बस!"

"तू गप्प बस रे!" ती ओरडली. "एकोणतीस! तीस! हा बघ थोरले, एकतीस! हा मेला! बत्तीस, हाही मेला!"

त्रेपन्नावर आभाळ रिकामं झालं. ती धापा टाकत खाली बसली. मी भोपळा उराशी धरून रडत होते. मला खरंच वाटलं, आता ते एकेक करून फांदीवरून गळतील.

मुथियानी पायवाटेनं आला. टोपी हातात होती.

"माझ्याकडून चौसष्ट," तो म्हणाला. "आणि तुमचे त्रेपन्न. बाई, मला एकेक आकडा ऐकू आला. तुम्ही तर झाड पाडणाऱ्या, फुगवून सांगण्याचा प्रश्नच नाही."

नबालायोनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग मागून येणाऱ्या मुलाकडे. वेकुलो कपाळाला हात लावून वाटेतच बसला होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं स्टूल उचललं आणि माझ्यावर फेकलं. लागलं नाही.

झाड राहिलं. वेकुलो आईशी पेरणीपर्यंत बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी झाडाखाली मेलेली पाखरं शोधत फिरले. पिसं होती, विष्ठा होती, मेलेलं काही नव्हतं. संध्याकाळी ते पुन्हा आले. नबालायो कुंपणाशी येऊन उभी राहिली, मोठ्यानं मोजले, आणि माझ्या झोपडीकडे तोंड करून ओरडली, "थोरले! मेले का गं?"

"पाखरं वेगळी, लेकरं वेगळी!" मी आतून ओरडले आणि पातेल्यावर झाकण आपटलं.

मग रोज तेच. ती मोजायची आणि विचारायची, मी झाकण आपटायचे. पिलं वाढली तसे आकडेही वाढले. खात्याची माणसं बदलली, तरी दरवर्षी येऊन तिचाच आकडा घेऊन जात. शेजारणी म्हणायच्या, या दोघींमुळे क्रौंचांना कळतं की सांज झाली.

शेवटी तिच्या पोटात गाठ झाली. ती वेकुलोच्या पत्र्याच्या घरात पडून असायची, तिथून झाड दिसत नाही. मी एका संध्याकाळी नाचणीची पेज घेऊन गेले. नाहीतर लोक काय म्हणाले असते.

"आले का?" तिनं विचारलं.

"आले."

"किती?"

मला ठाऊक होतं. ती पडल्यापासून काठावर मी बसत होते, आणि दाणे टाकता टाकता मन मोजतंच, तोंड मोजत नाही एवढंच. "पुष्कळ," मी म्हटलं.

"आकडा सांग, थोरले. एकदा तुझ्या तोंडानं सांग."

तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. मी आकडा उच्चारला असता, तर ओढ्यावरचा तिचा आकडाही नुसता आकडाच ठरला असता.

"पेज पी," मी म्हटलं. "निवतेय."

"मेल्यावर मी येऊन बसते त्या झाडावर," ती म्हणाली. "मग कशी मोजत नाहीस ते बघते." आणि भिंतीकडे वळली.

आता उगवतीच्या काठावर मी एकटीच बसते. शेळी नाही, स्टूल एकच. जोड्या येतात, थवे येतात, मी भोपळ्यात दाणे टाकते. सगळे बसले की अंधार पडता पडता एक क्रौंच मागून येतो, जोडीविना, घसा बसल्यासारखा ओरडत, आणि सगळ्यात वरच्या फांदीवर बसतो.

त्याच्यासाठी मी दाणा टाकत नाही.