कटोऱ्यातली कावीळ

आम नदीच्या घाटावर, सात बहिणी म्हणून पुजतात त्या दगडांपाशी, त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी मंगलनाथ महाराज लोकांची कावीळ धुऊन काढत होते. पूर ओसरल्यापासून गावात घरोघरी कावीळ, तेव्हा महाराजांना गिऱ्हाइकांची ददात नव्हती.

भागीरथाबाईंनी सुनेला, काजलला, खाटेवर घालून आणलं. सातवा महिना, आणि आता ती माणसंही ओळखेना. नर्सबाईंनी परवाच नागपूरच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. मी या गावचा मास्तर, गाडी घेऊन उभा होतो. भागीरथाबाई ऐकतच नव्हत्या.

"परवा पहिला उतारा, आज दुसरा. तिसऱ्याले मोकळी होते पोरगी," महाराज म्हणाले. त्यांनी काजलच्या हातांना मंतरलेला रस चोळला आणि कटोऱ्यावर धरून चुन्याच्या निवळीने धुतले. पाणी पिवळंजर्द झालं. लोकांनी हात जोडले.

"पहा, विष निघून राहिलं. दवाखान्यात सुई टोचली तर उतारा उलटते, मंग मले बोल लावू नका."

अपयशाची सोय महाराजांनी आधीच करून ठेवली होती. माझा संताप झाला, पण मास्तराचं ऐकतो कोण, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

गर्दीतून नत्थूजी पुढे आले. जन्मभर सूत रंगवलेला म्हातारा. त्यांनी रस हुंगला, आपल्या धडधाकट हातांना चोळला, वर निवळी ओतली. पाणी पिवळं. मग तोच रस दगडाला फासून वर निवळी ओतली. दगडही पिवळा.

"याले बी कावीळ झाली काय गा, महाराज?" मग ते वळले. "भागीरथा, आंब्याच्या सालीच्या रसात सूत बुडवून आपण चुना देत होतो. हाच रंग ना वं?"

भागीरथाबाईंनी कटोऱ्यातलं पाणी बोटांनी चोळून पाहिलं. "या रंगात हात बुडवून जलम काढला मी. पोरगी मरून राहिली होती, मले काहीच दिसलं नाही."

महाराज केव्हा सटकले, कळलं नाही. काजलला घालून आम्ही नागपूरकडे गाडी हाणली.

काजल वाचली. बाळ गेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "दोन दिवस आधी आणायची होती."

ते दोन दिवस एकट्या महाराजाने नेले नाहीत. हात जोडणाऱ्या प्रत्येकाने नेले, आणि गप्प उभ्या राहिलेल्या मीही. कावीळ यकृतात असते, तळहातावर नाही. पाणी उकळून प्या. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो स्वतः करून पाहा. आणि माणूस आजारी पडला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.