आवाज माझा नव्हता, बहुतेक

मी हेल्मेट बोलतोय. जरा हळू बोलतोय, कारण माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘शांत’ असं छापलेलं होतं, आणि छापल्याला जागावं लागतं. शिकलेला मी फारसा नाही. खोक्यावरचा मजकूर आणि आतल्या घडीच्या कागदाची पहिली दोन पानं, एवढंच माझं शिक्षण. माणसांची डोकी मात्र मी आतून पाहिली आहेत. ती बाहेरून दिसतात तेवढी भरलेली नसतात, हे शपथेवर सांगतो. हसू नका, तुमचं अजून पाहिलेलं नाही.

आता माझी अडचण ऐका. मी खरंच शांत आहे की गोंगाट्या, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. ज्याला त्याला विचारून झालं. ज्याचं त्याचं वेगळंच.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा मी नुसती कवटी होतो. मग आत जाड फोमचं अस्तर बसलं, गालांच्या गाद्या आल्या, समोर काच, काचेभोवती रबराची पट्टी, कपाळावर हवा आत घ्यायला दोन फटी. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका बाईनं माझी काच चार वेळा वरखाली केली, मला कानाशी धरून काहीतरी ऐकलं आणि खोक्यात घातलं. काय ऐकलं ते बोलली नाही. घोळ तिथूनच सुरू झाला.

दुकानात मी वरच्या फळीवर होतो. गिऱ्हाईक मला घालायचं ते आरशासाठी. मान डावीकडे, मान उजवीकडे, मग कुणी बघत नाहीसं पाहून दोन्ही हात पुढे, जणू हँडल धरलंय. एका मिशाळ गृहस्थानं तर तोंडानं इंजिनाचा आवाजही काढला. मी आतून ऐकला. इंजिनाची तब्येत बरी नव्हती. दुकानदार प्रत्येकाला सांगायचा की यात डोकं घातलं की जग बंद. बंद होणार नाही तर काय, दुकानात पंख्याशिवाय काहीच हलत नव्हतं. पण मी भोळा. मला वाटलं, जग खरंच माझ्यामुळे बंद होतंय.

एक दिवस मेस्त्री आणि काकू आले.

मेस्त्री म्हणजे साठीला टेकलेले, पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करणारे. त्यांची पद्धत अशी की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं की मागचं बेअरिंग गेलंय. आवाज जिथे जास्त, दुखणं तिथे, हा त्यांचा एकुलता एक नियम. तीस वर्षं घर त्यावर चाललं. काकू त्यांच्या दुरुस्तीच्या खोलीतच पुढच्या अर्ध्यात शिवणकाम करायच्या. दुकानात आल्या तेव्हाही मोजपट्टी गळ्यातच होती, काढायची राहिली होती की मुद्दाम ठेवली होती ते विचारायची हिंमत कुणाला नव्हती.

दोघं आपलं म्हणणं दुकानदाराला सांगत होती, ते मी वरून ऐकत होतो. लेक दोन दिवसांच्या रस्त्यावर, दुसऱ्या शहरात संसार थाटून होती. मेस्त्रींनी तिला शब्द दिला होता की तुझ्या घरी पहिल्यांदा येईन तो मोटरसायकलवरून येईन, तुझ्या आईला मागे बसवून. पण अलीकडे लांबची फेरी झाली की त्यांच्या कानात दोन-दोन दिवस शिट्टी वाजायची. एकदा तर त्या शिट्टीपायी त्यांनी धडधाकट मोटर उघडून ठेवली होती. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की डावा कान बारीक आवाजांना कमी पडायला लागलाय, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. वाऱ्याचा आवाज कमी करणारं चांगलं हेल्मेट घ्या, आतून कानांत फोमचे बोळे घाला, जमत नसेल तर गाडी सोडा.

काकूंच्या भावानं, म्हणजे मेहुण्यांनी, तिसरा भाग तेवढा लक्षात ठेवला आणि गाडीला गिऱ्हाईक शोधून ठेवलं. महिन्याची मुदत होती. हेल्मेट शांत निघालं तर गाडी राहील, नाहीतर गाडी विकून बसनं जायचं. म्हणजे मेस्त्रींचे कान, त्यांची गाडी आणि लेकीला दिलेला शब्द, तिन्ही माझ्या डोक्यावर. मला डोकं नसताना.

मेस्त्रींनी फळीवरचं एकेक हेल्मेट घेऊन बोटाच्या पेरानं ठोकलं आणि कान लावून ऐकलं. दुकानदार म्हणाला, काका, ते हेल्मेट आहे, कलिंगड नाही. काकूंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी मोजपट्टी काढली आणि भर दुकानात नवऱ्याच्या कपाळाभोवती गुंडाळली.

“डोकं केवढं आहे ते बघू दे आधी. आत काय आहे ते नंतर बघू.”

मेस्त्रींचं डोकं मागून पुढे लांबट निघालं. गोल घडणीची हेल्मेटं त्यांना कपाळावर रुतायची आणि बाजूनं डुगडुगायची. चार झाली, पाच झाली. मग माझी पाळी आली. मी त्यांचे गाल असे दाबले की तोंड माशासारखं झालं. काकू खूष. नवा ब्लाउज आणि नवं हेल्मेट पहिल्या दिवशी घट्टच पाहिजे, म्हणाल्या, आणि अर्धा तास काढायचं नाही असा हुकूम सोडला. मेस्त्री स्टुलावर बसले. दहा मिनिटांत कपाळ दुखतंय का विचारलं, नाही. वीस मिनिटांनी विचारलं तर उत्तरच नाही. वाकून बघतात तो मेस्त्री माझ्या आत घोरत होते. मला पसंत केलं ते गुण बघून नव्हे, घोरणं ऐकून. आता हा मान समजायचा की अपमान?

पहिली फेरी झाली आणि माझी अब्रू गेली.

गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडीनं वेग घेतला तसा माझ्या डोक्यावर कुणीतरी धोपटायला लागलं. धडधड, घोंघों, मध्येच शीळ. मी दचकलो. हे मी करतोय? मला तर काहीच करता येत नाही. मेस्त्री परत आले, मला काढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या लेकीला पळवून नेलंय. दोन दिवस शिट्टी चालू होती. त्या दोन दिवसांत त्यांनी एकाही मोटरला हात लावला नाही. लोक आले की काकू सांगायच्या, ते बाहेर गेलेत, आणि ते आतल्या खोलीत बसलेले.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. मेस्त्रींनी मला टेबलावर ठेवून समोर धूळ उडवायचा ब्लोअर लावला, माझ्या टाळूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाला लावली. निदान झालं, वरच्या फटी. फटींवर चिकटपट्टी लागली. रस्त्यावर पुन्हा तेच. मग गालांच्या गाद्या जाड केल्या, मेस्त्रींना दोन दिवस ‘प’ म्हणता येईना. पुन्हा तेच. काकूंचं मत पडलं की वारा गळ्याखालून घुसतोय. त्यांनी माझ्या खालच्या कडेला कापडाची झालर शिवली. मी झबलं घातल्यासारखा दिसायला लागलो. वारा थोडा अडला, हे कबूल केलं पाहिजे, पण वरची धोपटणी जशीच्या तशी. ब्लोअरसमोर मी शहाणा आणि रस्त्यावर वेडा. मलाच माझी शंका यायला लागली. त्या तपासणीवाल्या बाईनं बहुधा हेच ऐकलं असणार, असं वाटून मी आतल्या आत गरम व्हायचो. मेस्त्री म्हणायचे, काचेवर फार वाफ धरते याच्या.

बोळे घाला म्हणून काकूंनी सांगून पाहिलं. मेस्त्री म्हणाले, कान बंद करून चालवू? मग इंजिन कोण ऐकणार, तू? काकू म्हणाल्या, तीस वर्षं तुमचं ऐकतेय, इंजिनाचंही ऐकेन. पण बोळे डबीतच राहिले.

महिना संपला. मला खिळ्याला अडकवलं, आणि पुढच्या आठवड्यात काकू माझ्यात रंगीत दोऱ्यांची रिळं ठेवायला लागल्या. त्या रिळांना मी फार गुबगुबीत वाटलो. पहिली दाद ती.

मग मेहुणे आले. गिऱ्हाईक वाट बघतंय, आजच गाडी पोचवा, दीड तासाचा तर रस्ता, म्हणाले. या मेहुण्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. गाडीच्या हँडलपुढे एक उंच पारदर्शक विंडशील्ड होतं, ते त्यांनी दिलेलं. छातीवर वारा लागू नये म्हणून प्रेमानं आणलं होतं, स्वतःच्या हातानं बसवलं होतं आणि येताजाता त्यावर हात फिरवायचे. मेस्त्री निमूटपणे माझ्यातली रिळं ओतून, मला डोक्यावर चढवून निघाले. काकू मागे. मी नेहमीसारखा बदडला जात होतो.

अर्ध्या वाटेवर मेस्त्रींच्या बुडाला रग लागली. ते फूटरेस्टवर जोर देऊन जरासे उभे राहिले.

आणि धोपटणी थांबली.

एकदम. नुसता सरळ, सपाट वारा. मेस्त्री बसले, धडधड सुरू. उभे राहिले, बंद. बसले, सुरू. पुन्हा उभे. मागून काकूंना वाटलं विजारीत मुंगी शिरली, आणि त्या त्यांच्या पाठीवर चापट्या मारायला लागल्या. मेस्त्रींनी गाडी कडेला घेतली, मला काढून टाकीवर ठेवलं आणि कितीतरी वेळ त्या विंडशील्डकडे बघत राहिले. वारा त्याच्या वरच्या काठावरून उसळायचा आणि नेमका माझ्या कपाळावर येऊन फुटायचा; मेस्त्री उभे राहिले की मी त्या उसळीच्या वर निघायचो. आवाज माझ्यापाशी, दुखणं हातभर पुढे. तीस वर्षांचा नियम रस्त्याच्या कडेला आडवा पडला.

“मी बिचाऱ्याला उगाच बडवलं,” मेस्त्री म्हणाले.

“त्याला सॉरी म्हणा आणि माझ्या भावाला काय सांगायचं ते ठरवा,” काकू म्हणाल्या. त्यांनी स्वतःच स्क्रूड्रायव्हर काढून दिला.

चार स्क्रू निघाले. विंडशील्ड काकूंनी मांडीवर घेतलं, आणि गाडी गिऱ्हाइकाकडे न जाता घराकडे वळली. छातीवर वारा लागत होता, पण माझ्या आत इतकं निवांत होतं की मेस्त्रींचा श्वास मला ऐकू येत होता. मेहुणे आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी येऊन विंडशील्ड घेऊन गेले. त्यांच्या गाडीला बसवलं म्हणे. त्यांच्या हेल्मेटाला माझा नमस्कार सांगा.

तरीही सरळ वाऱ्याचा आवाज उरतोच, तो कुठल्याच हेल्मेटाला पुरता अडवता येत नाही. जायच्या दिवशी काकूंनी बोळ्यांची डबी मेस्त्रींपुढे धरली आणि हात मागे घेतलाच नाही. मेस्त्रींनी बोळे घातले. तासाभरानं कबूल केलं की वाऱ्याची सळसळ गेली आणि इंजिन उलट नीट कळतंय. मला हे मुळीच समजलं नाही. कान बंद केले तर जास्त ऐकू येतं? मग मी कशासाठी आहे?

दोन दिवस चाललो. काकूंनी माझ्या मागच्या बाजूला टकटक करायची भाषा काढली. एक टकटक म्हणजे हळू, दोन म्हणजे चहा, आणि तीन म्हणजे तुम्ही रस्ता चुकलात. तीन फार वेळा झाल्या.

लेकीच्या दारात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. लेक बाहेर आली, आईच्या गळ्यात पडली. मेस्त्रींनी मला हँडलला अडकवलं, कानातले बोळे काढून डबीत ठेवले आणि पाठमोरे होऊन सामानाची दोरी सोडायला लागले. लेकीनं आवाज खाली आणला.

“आई, बाबांना खरंच ऐकू येतं का गं आता?”

“येतं,” मेस्त्री मागे न वळता म्हणाले. “आधी पाणी आण.”

लेक हसत आत पळाली. पण काकू हलल्या नाहीत. हँडलवरून मला जे दिसलं होतं, ते काकूंनाही दिसलं होतं. लेक बोलत होती तेव्हा मेस्त्रींसमोर, गाडीच्या आरशात, तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, हलणाऱ्या ओठांसकट. काकू पुढे आल्या, पदरानं आरसा पुसल्यासारखं केलं आणि तो हळूच भिंतीकडे फिरवला. मग चार पावलं मागे गेल्या. माझ्या गाद्यांनाही जेमतेम कळेल इतक्या बारीक आवाजात म्हणाल्या, “अहो.”

मेस्त्री दोरीची गाठ सोडत होते. गाठ सुटली. मग म्हणाले, “तो आरसा सरळ कर. परत जाताना लागेल मला.”

काकूंनी आरसा सरळ केला. डोळे मात्र पुसले ते माझ्या झालरीला.

मेस्त्रींना ‘अहो’ ऐकू आलं, की आरसा फिरताना दिसला, हे काकूंनी विचारलं नाही आणि मला तर अजून कळलेलं नाही. सध्या मी लेकीच्या घरी चपलांच्या कपाटावर आहे, जवळच्या मोज्यांविषयी न बोललेलं बरं. परवा परत निघायचं आहे. तुम्ही कधी माझ्या भावंडांपैकी कुणाला निवडायला गेलात तर आरशासमोर हात पुढे करून उभे राहू नका. डोकं मोजा, अर्धा तास घालून बसा, झोप आली तर लाजू नका. आणि रस्त्यावर आवाज आलाच, तर आम्हाला बडवण्याआधी एकदा उभे राहून बघा. आवाज आमचा, वाऱ्याचा की तुमच्याच कानातला, एवढं मात्र मला विचारू नका. मी शांत आहे, असं निदान खोक्यावर तरी लिहिलं होतं.