अर्जात न मावलेलं घर

माझा अर्ज नाकारला जात नाही, अशी नाशिकच्या गंगापूर रोडवर माझी ख्याती आहे. कुठल्या कंपनीकडे सामाजिक कामांसाठी निधी आहे, कुठल्या ट्रस्टची मुदत कधी संपते, कोणाला पाण्याची कामं आवडतात आणि कोणाला मुलींची, हे सगळं मला तोंडपाठ. लहानसहान संस्थांची माणसं माझ्याकडे येतात, चहा पितात, आपलं काम अडखळत सांगतात आणि मी त्याचा झकास प्रस्ताव करून देते. "मोहिनीताई, तुम्ही लिहिलेलं वाचलं की आमचं काम आम्हालाच ओळखू येत नाही," असं मागे एक जण म्हणाला होता. मी ते कौतुक समजून हसले होते. आता त्या हसण्याची मला लाज वाटते.

रवी भोये सुरगाण्याचा. त्याची संस्था म्हणजे तो स्वतः, एक मोटारसायकल आणि नोंदणीचं प्रमाणपत्र. गेल्या श्रावणात तो मला त्याच्या पाड्यावर घेऊन गेला. म्हणाला, "ताई, आमच्या फुलाबाईंचं काम बघा. कोणी मदत दिली तर लय बरं होईल."

फुलाबाई साठीच्या. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. दिवाळीनंतर भात झोडून झालं की पाड्यावरची निम्मी माणसं जीप भरून द्राक्षबागांवर कामाला जातात, ती होळीलाच परततात. जाताना लहान पोरं फुलाबाईंकडे ठेवतात. तीन वर्षांच्या बाळापासून चौथीतल्या पोरीपर्यंत, सगळी मिळून एकवीस. प्रत्येक घर आपला भात आणि नागलीचा वाटा फुलाबाईंच्या कणगीत ओतून जातं. पोरासोबत एक गोधडी आणि एक ताटली येते. ताटलीवर पोराचं नाव कोरलेलं असतं. पोरं पाड्यावरच्याच शाळेत जातात, संध्याकाळी आजीच्या चुलीभोवती बसतात. हे वीस वर्षं चाललेलं. ना कुठे पावती, ना कुठे सही.

त्या दिवशी त्यांनी मला जेवू घातलं. नागलीची भाकरी, उडदाचं बेसन आणि मिरचीचा ठेचा. ताटलीवर 'संजना' असं कोरलेलं होतं.

"पुंजाच्या पोरीची हे," फुलाबाई म्हणाल्या. "आता घरी हे ती, म्हणून तुला दिली. दिवाळीला आली का परत मागंल."

"मावशी, तुम्हाला नेमकं काय हवंय?" मी वही उघडली.

"एक पडवी पायजे. पत्र्याची. पोरं वाढली, झोपायला जागा नाय पुरत. आन् पाण्याची एक टाकी."

"बस?"

"मंग आजून काय?" त्या हसल्या. मग माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आन् हे काय बालगृह नाय हां बाई. त्या पोरांना आयबाप हेत. मी आपली सांभाळते. घर हे माझं. तसंच लिही."

मी तसंच लिहिलं. वहीत. खाली रेघही मारली. ती वही अजून माझ्या कपाटात आहे आणि मी ती उघडत नाही.

सातपूरच्या एका कंपनीचा निधी तेव्हा खुला होता. अर्ज ऑनलाइन, इंग्रजीत. पहिल्याच पानावर कामाचा प्रकार निवडायचा होता : शाळा, आरोग्य केंद्र, निवासी बालगृह, कौशल्य प्रशिक्षण, इतर. मी कंपनीतल्या प्रफुल्लला फोन लावला. आमची जुनी ओळख.

"इतरमध्ये टाकू नका हो," तो म्हणाला. "ते कोणी उघडूनही बघत नाही. आणि पडवी, टाकी एवढ्यासाठी आम्ही निधी देत नाही. कमीत कमी रक्कम बघितलीत ना? जरा मोठं करा."

मोठं करणं हाच तर माझा धंदा. मी 'निवासी बालगृह' निवडलं. पडवीचं शयनगृह झालं. खाटा आल्या, अधीक्षिका आली, एक समुपदेशकसुद्धा आला. पाड्यावर समुपदेशक कोणाशी काय बोलणार होता, देव जाणे. शेवटी दोन पानी मराठी सारांश जोडायचा होता आणि त्यात एक चौकट होती, कार्यकर्त्याचे मनोगत. माझ्या अनुभवाने सांगते, अर्ज याच चौकटीवर मंजूर होतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे.

वहीत फुलाबाईंची वाक्यं होती. पडवी पायजे, टाकी पायजे. त्या वाक्यांनी कोणाच्या डोळ्यात पाणी येणार नव्हतं. मग मी माझ्या मनाने लिहिलं आणि अवतरणचिन्हात टाकलं : "ही माझी निराधार लेकरं. यांच्या आईबापांनी यांना टाकून दिलं. माझ्याशिवाय यांचं जगात कोणी नाही." खाली फुलाबाईंचं नाव.

लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं. मला स्वतःलाच गहिवरून आलं. आपण खोटं लिहिलंय हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. नकळत झालं असं मी कधीच म्हणू शकत नाही. रवीने विश्वासाने शेवटच्या पानावर सही केली आणि मी अर्ज पाठवला.

अर्ज पहिल्या फेरीत निवडला गेला. प्रफुल्लने मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवलं. मी रवीला फोन करून भाव खाल्ला. डिसेंबरात कंपनीने बालगृहाच्या नोंदणीचा कागद मागितला. तो कुठून असणार? मी टोलवाटोलवी केली. तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे सरकारी कार्यालयाकडे विचारणा केली आणि एका मंगळवारी दोन अधिकारी पाड्यावर पोहोचले.

त्यांचंही काय चुकलं म्हणू? कागदावर बालगृह होतं, नोंदणी नव्हती, अधीक्षिका नव्हती, एका खोलीत एकवीस पोरं झोपत होती. नोंदणीशिवाय बालगृह चालवणं गुन्हा आहे, आठ दिवसांत मुलं पालकांच्या ताब्यात द्या, नाहीतर केस होईल, असं सांगून ते गेले. रवीने बागांवर निरोप पाठवले. आईबाप जीप करून आले. त्यांच्यासमोर पुन्हा चौकशी झाली आणि अधिकाऱ्यांनी तो सारांश वाचून दाखवला. मनोगतासकट.

रवीने मला फोनवर एवढंच सांगितलं, की पोरं आईबापांबरोबर गेली. मी म्हटलं, "अरेरे. आपण पुढच्या वर्षी नोंदणी करून घेऊ." इतक्या सहज म्हटलं. फोन ठेवला आणि दुसऱ्या संस्थेचा अर्ज उघडला. पण त्या दिवसापासून मला जेवण जाईना. ताट समोर आलं की त्यावर नाव शोधायची सवयच लागली.

जानेवारीत रवी स्वतः आला. चहा नको म्हणाला.

"ताई, त्या दिवशी एक गोष्ट मी फोनवर सांगितली नव्हती. ते मनोगत वाचल्यावर पुंजा उभा राहिला. फुलाबाईंना म्हणाला, आमी मेलो का? टाकून दिली का आमी आमची पोरं? त्या बिचाऱ्या सांगत होत्या, मी नाय बोलले असं. पण साहेबांच्या हातात कागद, कागदावर नाव. कोण ऐकणार?"

"मग?"

"मग काय. आता पोरं बागेत आहेत, आणि फुलाबाईपण तिथंच गेल्यात. पोरांच्या काळजीने. मजुरांच्या पालांच्या शेवटाला एक फडकं बांधून राहतात. कोणी बोलत नाही त्यांच्याशी. पोरांना त्यांच्याकडे जाऊ देत नाहीत. आयाबाया पोरांना बांधावर बसवून कामाला जातात. परवा रुद्र, चार वर्षांचा, फवारणीच्या औषधाच्या ड्रमात हात घालत होता. मुकादमाने बघितलं म्हणून वाचला." मग खाली बघत म्हणाला, "ताई, मी सही केली, तेव्हा मीपण चोर आहे. पण ते वाक्य कोणाचं होतं?"

त्याला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. दिंडोरीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, मोठी बाग होती. कडेला निळ्या ताडपत्रीची आठ-दहा पालं, आणि सगळ्यांपासून लांब, पाण्याच्या हौदाजवळ, आणखी एक. फुलाबाई त्याच्या तोंडाशी बसल्या होत्या. मला बघून उठल्या. वाळल्या होत्या.

"बाई, तू आली!" त्यांनी माझा हात धरला. "बरं झालं आली. मला एक सांग. त्या दिशी मी तुला काय बोलले? मी लय आठवते. वय झालं, काय तोंडातून गेलं आसंल. पण पोरांना निराधार कशी म्हणंल मी? मला तर तो शब्दच नाय येत."

त्यांनी मला दोष द्यावा याची तयारी करून मी आले होते. त्या महिनाभर स्वतःलाच दोष देत बसल्या असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही नाही बोललात," मी म्हणाले. "मी लिहिलं. माझ्या मनाने. तुमचं नाव घालून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हात हळूच सुटला.

"मी तुला सांगितलं होतं ना? घर हे म्हणून?"

"हो."

"तू लिवून घेतलं होतं."

"हो."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवली. "मला कशाला सांगते? मी नाय बोलले ते मला म्हाईत हे. त्यांना सांग."

जेवणाची सुट्टी झाली होती. माणसं वेलींखालून बाहेर येऊन पालांपुढे बसत होती. मी आजवर कंपन्यांच्या थंडगार खोल्यांमध्ये, पडद्यावर चित्रं दाखवत, किती तरी साहेबांपुढे घडाघडा बोलले आहे. त्या वीस-पंचवीस माणसांपुढे माझी जीभ रेटेना. त्यांच्या हातांना हिरवट डाग होते. पुंजा मला ओळखून तोंड फिरवून बसला. त्याची बायको चांगुणा भाकरी मोडत होती, शेजारी सात-आठ वर्षांची पोरगी. हीच संजना असणार.

"ते जे साहेबांनी वाचून दाखवलं," मी म्हणाले, "ते फुलाबाईंचं बोलणं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं होतं, की पोरांना आईबाप आहेत आणि हे त्यांचं घर आहे. मी ते बदललं. टाकून दिलं हे मी लिहिलं. निराधार हे मी लिहिलं. त्या असं कधीच बोलल्या नाहीत."

चावण्याचे आवाज थांबले.

"कशापायी?" चांगुणाने विचारलं.

माझ्याकडे दहा उत्तरं होती. अर्जातले रकाने, 'इतर'ला कोणी उघडत नाही, कमीत कमी रक्कम, प्रफुल्ल. सगळी खरी आणि सगळी चांगल्या भाषेत मांडता आली असती.

"अर्ज मंजूर व्हावा म्हणून," मी म्हणाले.

"झाला का?"

"नाही."

तिने मान डोलावली. रागाने नाही. बाजारात कोणी मालाचा भाव सांगावा आणि आपण तो ऐकून घ्यावा, तेवढंच. मग तिने पुंजाकडे बघितलं. पुंजा पायाखालच्या ढेकळाला बोट लावत बसला होता. तो उठला, पालात गेला आणि एक ताटली घेऊन बाहेर आला. ती त्याने पोरीच्या हातात दिली.

"जा," तो म्हणाला. "आजीकडं जा."

संजना ताटली छातीशी धरून हौदाकडे पळाली. मागून रुद्र निघाला, त्याला ताटली घ्यायचं सुचलं नाही, म्हणून त्याची आई ती घेऊन गेली. मग आणखी दोन पोरं, मग तिघं. फुलाबाई त्या फडक्यापुढे उभ्या होत्या आणि पदराने डोळे पुसत एकेकाला बसवत होत्या. पुंजा त्यांच्यापर्यंत गेला, काही तरी बोलला. त्यांनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. त्याने लहान पोरासारखं उभं राहून तो खाल्ला.

मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. आणि मग, इतक्या वर्षांची सवय जात नाही, मला वाटलं, आता फुलाबाई मला हाक मारतील. बस म्हणतील, भाकरी खा म्हणतील. डोंगरातल्या माणसांकडे भर दुपारी आलेल्याला उपाशी कोणी पाठवत नाही, हे मी माझ्या कितीतरी प्रस्तावांत लिहिलं आहे.

फुलाबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग रवीकडे.

"हिला सोडून ये रे," त्या म्हणाल्या. "तिची कामं आसतील."

आणि त्या पोरांना वाढायला खाली बसल्या.