माझं यकृत, आबांची बाटली

मी पांढरा उंदीर बोलतोय. सांगलीच्या एका फार्मसी कॉलेजात, तिसऱ्या पिंजऱ्यात राहतो. जन्मही पिंजऱ्यातलाच. शेत, बीळ, मांजर हे मी फक्त ऐकून आहे.

मला सांभाळते ती समीक्षा. रोज पिंजरा पुसते, वजन करते. आठवड्यातून दोनदा सुई टोचून विष देते. त्यानं यकृत हळूहळू निबर होतं. ते होऊ नये म्हणून रोज सकाळी घशात नळी घालून भुईआवळीचा अर्कही पाजते. दुसऱ्या पिंजऱ्यातल्या माझ्या भावांना नुसतंच विष. ते आता खाण्याकडे बघतही नाहीत.

माणसं मोठी काटेकोर. मला विष द्यायचं म्हणून समितीची बैठक झाली, सह्या झाल्या. समीक्षाचे वडील, आबा, रोज बाटलीतलं विष स्वतःच्या हातानं घेतात, त्यांना साधा अर्जही लागत नाही. डॉक्टरांनी त्यांना शेवटचं बजावलंय. त्यांच्या काळजीपोटीच पोरीनं संशोधनाला हा विषय घेतला.

आबा फौजेतून रिटायर झालेले. तासगावला द्राक्षबाग आहे. बागेत तण म्हणून उपटलेली भुईआवळी पोत्यात भरून ते काल घेऊन आले.

"ह्यो गडी लय तरतरीत हाय की गं!" मला बघून ते म्हणाले.

"ह्याला विष बी देतोय आन् भुईआवळी बी," समीक्षा म्हणाली.

आबांचा चेहरा उजळला. "म्हंजी सकाळी पाला, सांजच्याला मिलिटरी कँटीनची रम. जमलं की!"

"आवं आबा, ह्यो उंदीर हाय."

"उंदराला चालतंय, मग फौजीला न्हाई व्हय? डॉक्टर उगंच भ्या घालतोय. ह्याचं लिव्हर बघ की, कसं ठणठणीत!"

"ते अजून कुठं कळलंय? सोमवारी कापून बघायचं."

आबांचा हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला.

"ह्याला एकट्याला जित्ता ठिवता येणार न्हाई?"

समीक्षा टेबल पुसत राहिली.

आबा, माझ्याकडे सोमवारपर्यंतच वेळ आहे, म्हणून सांगतो. सुई दिसली की मी पाय आखडून कोपऱ्यात शिरतो, तरी हात येतो आणि मला उचलतो. तुम्हाला बाटलीकडं कोण उचलून नेतं? माझं यकृत बघून पोरगी वहीत आकडे लिहील. तुमचं बघायची वेळ तिच्यावर आणू नका.