बगळ्याची मान

थोरली ॲनिमेशनच्या कामात चौदा वर्षं मुरलेली. धाकटी बहीण तिच्याच शब्दावर स्टुडिओत लागलेली. वर्ष होतंय न होतंय तोच दोघींना एका फिल्मवर बसवलं. म्हातारा पोस्टमन आणि त्याच्या पिशवीतली पत्रं पळवणारा आगाऊ बगळा, अशी गोष्ट. पोस्टमन थोरलीकडे, बगळा धाकटीकडे.

धाकटीच्या मशीनवर सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन होतं. थोरलीच्या जुन्या मशीनवर ते चालेना. जुन्यातलं नव्यात सरळ उघडायचं. नव्यातलं मात्र जुन्यात आलं की मोडायचं. म्हणून धाकटी रोज तिला बगळा नुसता जागच्या जागी उभा असलेली कॉपी काढून द्यायची.

"ताई, तुझ्यासाठी सोपं करून ठेवलंय गं."

तिच्या मनात काही नसायचं, पण ते 'सोपं' थोरलीच्या जिव्हारी लागायचं.

त्यात दिग्दर्शकाने सगळ्यांना धाकटीच्या पडद्यापुढे बोलावलं. "बघा हा! नुसती मान वळवतो, आणि याच्या पोटात काय आहे ते कळतं." मग थोरलीकडे वळून म्हणाला, "पोस्टमन ठीक आहे."

ठीक आहे! चौदा वर्षांची कमाई दोन शब्दांत. त्या आठवड्यात पाणी प्यायच्या निमित्ताने थोरली दिवसातून दहादा धाकटीच्या खुर्चीमागे उभी राहायची. कुठेतरी खोट सापडेल म्हणून डोळे फाडून बघायची. सापडायची नाही, आणि ती आणखीच धुमसायची.

शुक्रवारी दुपारी धाकटी दातांच्या डॉक्टरकडे गेली. थोरलीने तिची मूळ फाइल स्वतःच्या मशीनवर उघडली. पडद्यावर सूचना आली: ही फाइल नव्या व्हर्जनची आहे, काही भाग नाहीसा होईल, पुढे जायचं? तिने 'हो' दाबलं. बगळ्याची मान काठीसारखी ताठ झाली. तशीच बंद केली असती तर काही बिघडलं नसतं. पण तिने ती सेव्ह केली, त्याच नावाने. बॅकअप दर शनिवारी व्हायचा आणि बगळ्याची मान याच आठवड्यातली होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

धाकटी गाल धरून परतली, फाइल उघडली तर बगळ्याची मान ताठ. "माझंच काहीतरी चुकलं असणार," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सोमवारी फिल्म दाखवायची होती. दिग्दर्शक तिच्यावर नको तितका भडकला. थोरलीला वाटलं होतं, आता जिवाला गार वाटेल. पण वाटलं नाही.

"ताई, मला आता सुचतच नाहीये. तू हाताने काढशील?"

थोरलीने पेन उचललं. पहिली फ्रेम, दुसरी, तिसरी. मान आधी जराशी मागे जाते, मग डोळा, मग चोच. कुठे थबकते, कुठे झटका घेते, सगळं तिला तोंडपाठ होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोनशे चित्रं झाली. धाकटीने ती चालवून बघितली, पुन्हा बघितली. मग हळूच विचारलं, "एवढं कसं आठवलं तुला? मलासुद्धा आठवत नव्हतं."

"रोज बघत होते."

"कशासाठी?"

थोरलीची नजर वर होईना. "जळत होते म्हणून. आणि फाइल तू नाही, मी बिघडवली. मुद्दाम."

धाकटी उठली. पर्स उचलून निघून गेली. थोरलीने त्याच संध्याकाळी दिग्दर्शकाला फोन करून सगळं सांगितलं.

फिल्म वेळेवर दाखवली गेली. मान वळली तसे लोक खदाखदा हसले, आणि खरं सांगायचं तर थोरलीच्या पोटात तेव्हाही दुखलं. तरी टाळ्या तिने सगळ्यांच्या आधी सुरू केल्या.

धाकटीने दोन आठवडे अबोला धरला. मग थोरलीलाही नवं मशीन मिळालं आणि नवं व्हर्जन शिकवायचं काम धाकटीवरच आलं. ती खुर्ची ओढून बसली, जरा लांबच.

"हे इथे दाब. हं. आता सांग, काय झालं?"

"कळलं नाही," थोरली म्हणाली. "परत एकदा दाखव ना."

धाकटीने सुस्कारा सोडला, खुर्ची वीतभर जवळ घेतली आणि परत दाखवलं.