तव्याची वेळ

"काका, तेवढा पाना द्या."

हैबतरावांनी वेदांतला पाना दिला आणि गाडीकडे पाठ फिरवली.

भुकूमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांच्या पोराची, इंद्रजितची मोटारसायकल उभी होती. आता ती वेदांतची. गोल दिवा, गुबगुबीत टाकी, आजोबांच्या काळातलं रूप. पण बनवणाऱ्यानं मुद्दामच अशी बनवलेली, की चार बोल्ट सोडले की हवा तो भाग बदलता यावा. इंद्रजितनं आधी हँडल बदललं, मग सीट, शेवटी सायलेन्सर. त्या धडधडाटाला अख्खं माले गाव शिव्या घालायचं आणि शिव्या घालण्यात हैबतराव सगळ्यांच्या पुढे असायचे.

पोरगा गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेला. अंगणात गाडी बघवेना, म्हणून त्यांनी ती वेदांतला विकली. वेदांत मूळचा अकोल्याचा, धरणाकडच्या एका रिसॉर्टवर रात्रपाळीचा मॅनेजर. रोज संध्याकाळी कामावर जाताना तो हैबतरावांच्या दारावरूनच जायचा. गाडी घरातून गेली, आवाज काही गेला नाही.

"गाडी तुमची, आमी कोन सांगनार," हैबतराव भिंतीकडे बघत म्हणाले. "पर घरात त्याची आई हाय. तिला सोसंना."

वेदांतनं बोल्ट सोडायला घेतले. इंद्रजितनं पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलेला कंपनीचा सायलेन्सर हैबतरावांनी सोबत आणला होता. चहा निवायच्या आत तो बसलासुद्धा. वेदांतनं गाडी चालू करून दाखवली. शिलाई मशीनइतका आवाज आला.

उतरवलेला सायलेन्सर त्याच पोत्यात घालून हैबतराव निघाले. पौडला एसटीतून उतरून मुळेच्या पुलावर गेले आणि पोतं पाण्यात सोडून दिलं. पीडा गेली, असं मोठ्यानं म्हणाले. म्हणताना रडू फुटलं, तेव्हा पुलावर कुणी नव्हतं हे बरं झालं.

पीडा होती ती बायकोची, रत्नाबाईंची. इंद्रजितला भाकरी तव्यावरून उतरलेलीच लागायची. वळणावर गाडी वाजली की त्या तवा ठेवायच्या. त्यानं हातपाय धुवेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. पोरगा गेला, गाडी विकली, तरी आवाज आला की बाई उठायच्या, तवा तापवायच्या, एक भाकरी थापायच्या. सकाळी ती गाईपुढे. मुलगा तर गेलाच होता. आता बायको डोळ्यांदेखत वेडी होतेय, या भीतीनं हैबतरावांना झोप लागत नव्हती.

त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसून राहिले. वेदांत समोरून गेला, जाताना हात वर केला. आत काही हललं नाही. सुटलो, असं त्यांना वाटलं.

दिवेलागण झाली तेव्हा ते आत आले. रत्नाबाई परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या.

"आज गाडी न्हाई आली," त्या म्हणाल्या.

"गेली मगाशी. आवाज बदलून घ्येतलाय म्या."

"का?"

"आगं, तुजं हे बघवंना. त्यो न्हाई आता."

"मला ठावं न्हाई व्हय? माज्या मांडीवर गेला त्यो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "म्या येडी न्हाई झाले. त्याचं तेवढं एकच काम राह्यलं व्हतं माज्याकडं."

हैबतराव भिंतीला टेकून खाली बसले.

"ते जुनं कुटं हाय?" रत्नाबाईंनी विचारलं.

हैबतरावांनी दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले. रत्नाबाईंनी त्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि परातीतलं पीठ मुठीमुठीनं परत डब्यात भरायला घेतलं.

"भाकर टाक की," हैबतराव कसेबसे म्हणाले. "भूक लागलीया मला."

"दुपारच्या हायेत," त्या म्हणाल्या, आणि तवा भिंतीला उभा करून ठेवला.