तुर्की आईस्क्रीमच्या दुकानातली बैठक

सुनेचं दुसरं लग्न करून द्यायचं असं पुंजाजीनं ठरवलं, तेव्हा चंपाबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रसेनजित दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून येताना ट्रकखाली गेला होता. तेव्हा त्याची बायको धम्मदीपा पंचवीस वर्षांची होती आणि मुलगी मित्रा दोन वर्षांची. धम्मदीपाच्या माहेरी म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. एक भाऊ होता, तोही सुरतला, वर्षातून एखादा फोन करणारा. त्यामुळे ती केनवडलाच सासू-सासऱ्यांपाशी राहिली. सकाळी भाकरी थापून गावातल्या कॉन्व्हेंटात शिकवायला जायची आणि दुपारी यायची. मधल्या वेळात मित्रा आजीची. तिला न्हाऊ घालायचं, अंगणवाडीत सोडायचं, आणायचं, मांडीवर निजवायचं. प्रसेनजित गेल्यावर चंपाबाई जगली ती या कामावर.

पुंजाजी ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायच्या कामावर होता, आता घरीच असायचा. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "सत्तावीस वर्साची पोरगी हाय थे. आपण तिले किती दिवस पुरू? आपली सोतःची लेक असती त काय केलं असतं?"

चंपाबाईनं त्या दिवसापासून बोलणं बंद केलं.

स्थळ धनजचं होतं. अमरदीप, तिथल्या शाळेवर मास्तर, छत्तीस वर्षांचा. मामाच्या तीन मुलींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहून गेलेलं. मध्यस्थाला चंपाबाईनं एकच विचारलं, "पोरीचं काय?" तो म्हणाला, "त्याचं पुढं पाहू ना बाई." त्या वाक्यावर चंपाबाईनं सगळं बांधलं. सून जाईल, तिला जाऊ द्यावं लागेल. पण नव्या घरी कोण दुसऱ्याचं लेकरू घेतं? मित्रा आपल्यापाशीच राहील. हे तिनं पुंजाजीलाही सांगितलं नाही.

घरी पाहुणे आले की गल्ली जमा होते, म्हणून भेट वाशीमला ठरली. जागा अमरदीपनं सुचवली. बसस्टँडपासून थोड्या अंतरावर तुर्की आईस्क्रीमचं नवीन दुकान निघालं होतं. "लहान पोरगी हाय संगं, तिले बी गंमत वाटन," असं तो फोनवर म्हणाला होता.

रविवारी अकरा वाजता ते चौघं तिथं पोचले. काचेचं दार, आत निळ्या दिव्यांच्या माळा, भिंतीवर घुमटांचं चित्र. दाराशीच एक उंच माणूस उभा होता. डोक्यावर लाल टोपी, अंगात सोनेरी काठाचं जाकीट, हातात माणसाएवढी लोखंडी दांडी. त्या दांडीनं तो खोल भांड्यातलं आईस्क्रीम वर ओढत होता आणि ते कणकेसारखं लांब ताणलं जात होतं. वर टांगलेल्या घंट्यांवर त्यानं दांडी आपटली तशी मित्रा आजीच्या पदरात शिरली.

"भिऊ नको वं माय," तो माणूस म्हणाला. "मी काही तिकडचा नोहो. मानोऱ्याकडचा फुलसिंग हावो मी. हैदराबादले शिकलो हे."

अमरदीप आधीच येऊन बसला होता. उठून त्यानं दोघांना वाकून नमस्कार केला. "जय भीम काका. जय भीम मावशी. बसा." सावळा, किरकोळ बांध्याचा, शर्ट इस्त्रीचा पण कॉलर झिजलेली. चंपाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं ते खोट शोधायलाच. धम्मदीपा समोर बसली आणि टेबलाच्या काचेकडे पाहत राहिली.

टेबलावर आधीच एक ताटली होती. तीत पिस्त्याचा चुरा पेरलेले त्रिकोणी तुकडे आणि पिठीसाखरेत घोळलेले गुलाबी चौकोन. "हा बकलावा," अमरदीप म्हणाला. "आन हे लोकुम. मले बी आताच समजलं नाव."

पुंजाजीनं बकलाव्याचा तुकडा तोंडात टाकला. "चिरोट्यावानी हाय," तो म्हणाला. "पाक जास्त हाय."

चंपाबाईनं लोकुमचा कोपरा चावला. गुलाबपाण्याचा वास आला आणि दाताला चिकटलं. तिला ते आवडलं नाही, आणि आवडलं नाही याचं बरं वाटलं.

मित्राचं लक्ष मात्र दाराकडेच होतं. शेवटी पुंजाजी तिला बोटाला धरून फुलसिंगपाशी घेऊन गेला. फुलसिंगनं कोनात आईस्क्रीम बसवलं, दांडीच्या टोकाला चिकटवून तिच्यापुढे धरलं. तिनं हात पुढे केला, तर कोन वर. पुन्हा पुढे केला, तर हातात नुसता रिकामा कोन. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदाही हसली. चौथ्यांदा तिचा ओठ बाहेर आला.

"आबा, थो देतच नाई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

चंपाबाई खुर्चीवरून उठली. "दे ना बाप्पा त्या लेकराले! कायले रडवून राह्यला?"

पण ती पोचायच्या आधी अमरदीप तिथं पोचला होता. तो मित्राशेजारी उकिडवा बसला. "हे पाय, हा मले बी नाई देत. थांब, मी घेऊन दाखवतो." त्यानं फुलसिंगला डोळ्यानं खूण केली. मग फुलसिंगनं त्याला असं काही खेळवलं की बाकीची गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. कोन पकडायला अमरदीप एकदा उजवीकडे कलंडला, एकदा डावीकडे, शेवटी त्याच्या नाकावरच आईस्क्रीम बसलं. मित्राचं रडं तोंडातच राहिलं. ती खळखळून हसली, पोट धरून, मान मागे टाकून. प्रसेनजित तसाच हसायचा. पुंजाजीनं तोंड फिरवून घेतलं.

फुलसिंगनं मग कोन सरळ मित्राच्या हातात दिला. "घे माय, आता नाई पळवत."

सगळे टेबलाशी आले. अमरदीप रुमालानं नाक पुसत होता. गरम कुनाफा आला. वर शेवयांचा तांबूस थर, खाली वितळलेलं चीज, त्यावर पाक. मित्रा आजीच्या मांडीवर बसून आईस्क्रीम चावत होती. ते वितळतच नव्हतं. "आजी, तू बी खाय." चंपाबाईनं एक घास घेतला. चिवट होतं. "यात एका झाडाचा डिंक असते म्हणतात," अमरदीपनं सांगितलं. चंपाबाईला मित्राच्या वेळचे डिंकाचे लाडू आठवले. धम्मदीपाचं बाळंतपण तिनंच केलं होतं, आणि लाडू चोरून खातो म्हणून प्रसेनजितला दटावलं होतं.

पुंजाजीनं घसा साफ केला. "मास्तर, मी सरळ बोलतो. आमची सून नाई, लेक हाय. तिले दुख नाई झालं पायजे."

"काका, मी वचन-बिचन नाई देत. पण माह्यानं होईन थे सगळं करीन. आन मित्राचं मी शाळेत बोलून ठेवलं. जूनमधी आमच्याच अंगणवाडीत बसवू. घरापासून चार पावलावर हाय."

चंपाबाईचा हात मित्राच्या पाठीवर थांबला. "थे कायले? थे आमच्यापाशी राहीन."

पुंजाजीनं बायकोकडे पाहिलं. स्थळ आल्यापासून ती का एवढी शांत होती ते त्याला आता कळलं.

"मध्यस्थ म्हणे पुढं पाहू," चंपाबाई म्हणाली. "आमी पाह्यलं हाय. चार वर्स मीच केलं तिचं. तुमाले तुमचे लेकरं होतीन. ही आमच्या पोराची हाय."

अमरदीप हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मी पाच वर्साचा होतो तवा माहे वडील गेले. आईचं दुसरं लग्न झालं. त्या लोकायनं म्हटलं पोरगा नको, म्हणून मले मामाकडं ठेवलं. मामानं काही कमी नाई केलं. मामी त मायच हाय माही. पण आई भेटाले यायची आन जायची, तवा मी घरामागं जाऊन बसो. मले वाटे, माह्यातच काईतरी खोट असन." त्यानं मित्राकडे पाहिलं. "मले त्या लेकराले असं नाई वाटू द्यायचं. बाकी तुमी मोठे हा."

चंपाबाईला रागवायचं होतं, पण रागवावं असं तो काही बोललाच नव्हता. ती मित्राला पुंजाजीच्या मांडीवर देऊन हात धुवायला मागे गेली. नळ सोडून तशीच उभी राहिली. तिच्या पाठोपाठ धम्मदीपा आली.

"आई."

"तू बोल. तुले काय वाटते?"

"तुमी म्हणान तसं. मित्रा तुमच्यापाशी राह्यली त मी बी राहीन. मी तिले सोडून नाई जात. मास्तरले आताच नाई म्हणून सांगतो."

"मी थे नाई इचारलं. तुले थो माणूस कसा वाटला?"

धम्मदीपानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बरा वाटला, आई." आणि मग तिला रडू फुटलं. "थो नाकाले आईस्क्रीम लावून उभा होता, तवा मले हसू आलं. दोन वर्सात पयल्यांदा आलं. आन मले सोतःचीच लाज वाटली. तुमच्या पोराले जाऊन दोन वर्स झाले, आन मी हसून राह्यली."

चंपाबाईनं नळ बंद केला. सुनेचं तोंड आपल्या ओल्या हातांनी पुसलं. या पोरीला आपण हसताना पाहिलंच नव्हतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. घरात मित्रा हसायची, तेवढं पुरेसं वाटायचं.

"लाज कायची त्यात, येडी," ती म्हणाली. मग तिनं सुनेचा पदर सारखा केला. "जाय तू. पोरीले घेऊन जाय."

"आई, तुमी कशा राहान?"

"राहू. आबा हाय न तिचे."

दोघी परत आल्या तेव्हा कुनाफा थंड होऊन चीज वातड झालं होतं. चंपाबाई बसली आणि अमरदीपला म्हणाली, "तिले दूध बिनसाखरेचं लागते. आन झोपताना कान धरून झोपते. आपला कान द्या लागते. आढेवेढे घ्यायचे नाईत."

"नाई घेत, मावशी," अमरदीप म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

परतीच्या बसमध्ये मित्रा खिडकीशी बसली होती. हात अजून चिकट होते. चंपाबाईनं तिला जवळ ओढलं. "ते आईस्क्रीमवाले काका आवडले का तुले? नाकावाले?"

"हो."

"त्याहिले बाबा म्हणायचं आता."

मित्रानं विचार केला. "मंग फोटोतले?"

"ते पप्पा. हे बाबा. दोन्ही तुहेच."

"बाबा," मित्रानं म्हणून पाहिलं. चंपाबाईनं ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मागच्या सीटवर धम्मदीपा खिडकीबाहेर पाहत होती. पुंजाजीनं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. बसमध्ये, चारचौघांत, त्यानं असं आजवर कधी केलं नव्हतं.

मार्चमध्ये केनवडच्या विहारात लग्न झालं. पांढऱ्या साडीत धम्मदीपा उभी राहिली, आणि आईवडिलांच्या जागी पुंजाजी-चंपाबाई. लग्नानंतर मित्रा उड्या मारत गाडीत बसली, कारण गाडीत बसायला मिळालं. दुसऱ्या दिवशी चंपाबाई अंगणवाडीच्या वेळेला उठून दोनदा दारापर्यंत गेली आणि परत आली. पुढे कित्येक दिवस तिचं असंच चाललं.

मे महिन्यात अमरदीपनं कबूल केल्याप्रमाणे मित्राला पंधरा दिवसांसाठी आणून सोडलं. पोरगी अंगानं भरली होती, बोलणंही वाढलं होतं. चंपाबाईनं शेवया केल्या, आंबे पिकत घातले, आणि रात्री आपला कान दिला. मित्रा म्हणाली, "आता कान नाई लागत, आजी. मी मोठी झाली."

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती पायरीवर गप्प बसली होती.

"काय झालं वं?"

"आजी, घरी कवा जायचं?"

"हे काय, घरीच त हावो आपण."

"हे नाई," मित्रा म्हणाली. तिचा ओठ बाहेर आला. "आपलं घर. आईचं. बाबाचं."

पुंजाजी आतून बाहेर आला आणि दारातच थांबला. चंपाबाईनं नातीचं नाक पुसलं, केसांवरून हात फिरवला. मग आत जाऊन तिचे वाळत घातलेले दोन फ्रॉक काढले, घडी घातली, पिशवीत ठेवले, वर चार आंबे ठेवले.

"आवो," ती नवऱ्याला म्हणाली, "मास्तरले फोन लावा. म्हणा, उद्या सकाळच्या गाडीनं आणून देतो पोरीले."